प्रस्तावना : माणसांत मिसळल्यावर

पौष पौर्णिमेपासून माघी पौर्णिमेपर्यंत प्रयागराजला गंगेच्या वाळूत तंबूंचे एक शहर वसते. माघ मेळ्याला येणारे बहुतेक लोक एखादे पर्वस्नान करून परततात. कल्पवासी मात्र पुरा महिना तिथेच मुक्काम करतात. बहुतेक जण उतारवयाचे, खेड्यापाड्यांतून आलेले. पहाटेच्या अंधारात नदीत बुडी मारायची, दिवसातून एकदाच जेवायचे, जमिनीवर अंथरूण टाकायचे. रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. ध्वनिवर्धक जवळजवळ अहोरात्र चालू असतात. एकीकडे प्रवचन, दुसरीकडे भजन, मध्येच हरवलेल्या माणसांची नावे. साठी उलटलेल्या माणसाने हा महिना कसा काढावा असे डॉक्टरला विचारले, तर तो घरी, उबेत, पथ्यपाणी सांभाळून काढायला सांगेल. त्या सल्ल्यात चूकही काढता येणार नाही.

तरीही २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वेगळे चित्र पुढे आणले. भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांच्या गटाने ४१६ कल्पवासींना मेळ्याच्या आधी एकदा आणि मेळा संपून घरी गेल्यावर पुन्हा एकदा गाठून त्यांच्या प्रकृतीबद्दल आणि मनःस्थितीबद्दल विचारले. तुलनेसाठी मेळ्याला न गेलेल्या १२७ जणांना तेच प्रश्न त्याच काळात विचारले. जे घरी राहिले त्यांच्यात फारसा फरक पडला नव्हता. जे गेले त्यांच्या दुखण्याखुपण्याच्या तक्रारी कमी झाल्या होत्या आणि आपले बरे चालले आहे ही भावना वाढली होती. हा फरक चमत्कार म्हणावा असा नव्हता. पण थंडी, गोंगाट आणि अर्धपोटी महिन्यानंतर प्रकृती ढासळायला हवी होती, ती सुधारलेली दिसत होती, आणि तेही घरी परतून काही आठवडे झाल्यावर.

त्या महिन्यात त्यांना मिळाले तरी काय? श्रद्धेचे बळ, असे उत्तर कोणीही देईल. पण श्रद्धा तर घरी बसलेल्या शेजाऱ्याकडेही होती, आणि घराजवळ देऊळही होते. हजारो, लाखो माणसे एका ठिकाणी, एका वेळी, एकच भावना घेऊन जमतात तेव्हा त्यातल्या प्रत्येकाच्या मनाचे आणि शरीराचे काय होते, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच. हा संग्रह त्या प्रश्नासाठी आहे. मराठी वाचकाला हा अनुभव परका नाही. आषाढी, गणेशोत्सव, दीक्षाभूमी, चैत्यभूमी, जत्रा, मोर्चे यांतून आपले वर्ष आखलेले असते. अनुभव एवढा रोजचा असल्यामुळेच कदाचित त्याचा अभ्यास करावा असे आपल्याला फारसे वाटले नाही. भक्तीच्या अंगाने आपण त्यावर पुष्कळ लिहिले, बंदोबस्ताच्या अंगाने सरकारी अहवाल लिहिले गेले, आणि त्या दोन्हींच्या मध्ये जो चालणारा, गाणारा, रडणारा माणूस असतो तो तसाच राहिला.

गर्दीच्या मानसशास्त्राची सुरुवात भीतीतून झाली. १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या आठवणी ताज्या असताना फ्रान्समधल्या वरच्या वर्गाला रस्त्यावर उतरलेल्या माणसांचा धसका बसला होता. त्या धसक्याला ग्युस्ताव्ह ल बाँ याने १८९५ मध्ये सिद्धान्ताचे रूप दिले. माणूस जमावात शिरला की त्याची विवेकबुद्धी गळून पडते, भावना साथीच्या रोगासारखी एकाकडून दुसऱ्याकडे पसरते आणि सुसंस्कृत माणूस काही पायऱ्या खाली उतरतो, असे त्याचे म्हणणे. पुस्तक अतोनात खपले. राज्यकर्त्यांनी आणि हुकूमशहांनी ते वाचले, पोलीस प्रशिक्षणात ते झिरपले. आजही वर्तमानपत्रात ‘बेभान जमाव’ असे शब्द छापून येतात तेव्हा त्यामागे ल बाँच उभा असतो. पुढे १९२४ मध्ये अमेरिकेत फ्लॉइड ऑलपोर्टने समूहमन वगैरे काही नसते, असतात त्या फक्त सुट्या व्यक्ती, असे ठासून सांगितले. एकाने माणसाला गर्दीत हरवले, दुसऱ्याने गर्दीच पुसून टाकली. गर्दीमुळे माणसाचे भले होऊ शकते ही शक्यता दोघांच्याही मांडणीत बसत नव्हती.

ती शक्यता एमिल दुर्खीमने मांडली. १९१२ सालच्या आपल्या धर्मविषयक ग्रंथात त्याने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या समारंभांची वर्णने तपासली. तो स्वतः तिकडे कधी गेला नव्हता, इतरांनी केलेल्या नोंदी त्याच्यासमोर होत्या. एरवी पांगलेली माणसे एकत्र येतात, एका तालात नाचतात, ओरडतात, आणि त्यांच्यात एक उचंबळ येते. ही सामूहिक उचंबळ माणसाला त्याच्या एकट्याच्या ताकदीपलीकडे नेते, आणि समारंभ संपून तो आपल्या कामाला लागला तरी त्यातले काही त्याच्याजवळ उरते. दुर्खीमचे आणखी एक निरीक्षण मला जास्त मोलाचे वाटते. ही उचंबळ आनंदाचीच असावी लागते असे नाही. एकत्र शोक केल्यानेही समूहाला बळ मिळते, असे त्याने मृत्यूच्या विधींवर लिहिताना दाखवले.

सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर जे घडते ते समजून घ्यायला हे सूत्र फार उपयोगी आहे. तो महापरिनिर्वाणाचा दिवस आहे, सण नव्हे. लोक रात्रभर रांगेत उभे राहतात, समता सैनिक दलाचे स्वयंसेवक रांगा लावतात, शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, आणि दूरच्या खेड्यातून आलेले कुटुंब दर्शन घेऊन पिशवीत पुस्तके घालून परतते. तिथे दुःख आहे, अभिमान आहे, आणि ज्या समाजाला शतकानुशतके सार्वजनिक जागेवर हक्काने उभे राहू दिले गेले नाही त्याने मुंबईच्या मध्यावर उभे राहणे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी एकत्र धम्मदीक्षा घेतली, तेव्हा हा अनुभव सुरू झाला. प्रत्येकाने आपापल्या घरी बौद्ध होणे आणि सर्वांनी एकत्र उभे राहून होणे यात काय फरक पडतो, याचा विचार केल्याशिवाय ही प्रस्तावना मला पुढे नेता येत नाही. बाबासाहेबांनी तो फरक ओळखला होता.

दुर्खीमनंतरचा मोठा टप्पा मानवशास्त्रज्ञांचा. व्हिक्टर टर्नरने साठ-सत्तरच्या दशकांत यात्रांचा अभ्यास करताना म्हटले की घरदार सोडून निघालेला यात्रेकरू काही काळ आपल्या रोजच्या पायरीवरून सुटतो; मालक आणि मजूर, शिकलेला आणि अडाणी हे भेद सैल होतात आणि माणसामाणसांत एक उघडी, थेट जवळीक तयार होते. त्याच्यासमोरच्या उदाहरणांत पंढरपूरही होते. त्याने ज्यांच्या लिखाणाचा आधार घेतला त्यात इरावती कर्वे यांचा वारीवरचा लेख होता. ‘परिपूर्ती’त तो ‘वाटचाल’ या नावाने आहे आणि १९६२ मध्ये त्याचे इंग्रजी रूप परदेशी अभ्यासकांपर्यंत पोहोचले. वारीत मिळालेल्या आपलेपणाने बाई हरखल्या आहेत, हे त्या लेखात दिसते. पण त्यांची नजर स्वच्छ होती. भजन एकत्र, वाट एकच, आणि जेवणाच्या पंगती मात्र जातीप्रमाणे वेगळ्या, हे त्यांनी पाहिले, त्यांना ते बोचले, आणि त्यांनी ते लिहिले. पुढे अँडीजमधल्या यात्रांवर काम करणाऱ्या मायकेल सॅलनोने टर्नरच्या जवळिकीवर आक्षेप घेतला. यात्रेत गावागावांतले हेवेदावे मिटत नाहीत, कधी कधी उलट धार धरतात, असे त्याला आढळले. आपल्याकडे हे आधीच लिहून ठेवले गेले होते. चोखोबांची समाधी देवळाच्या पायरीशी, बाहेर आहे. विठ्ठलाच्या देवळाची दारे दलितांना उघडावीत म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले. एवढ्या मोठ्या सामूहिक भक्तीच्या दारात ही वेळ यावी, हे सामूहिक भावनेचे गुणगान करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवले पाहिजे.

गेल्या काही दशकांत शरीराच्या बाजूने आलेले संशोधन थोडक्यात सांगण्याजोगे आहे. ऑक्सफर्डमध्ये रॉबिन डनबार आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वल्हेपटूंवर केलेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तेवढाच व्यायाम एकट्याने केल्यापेक्षा संघासोबत एका लयीत केल्यावर वेदना सोसण्याची ताकद जास्त वाढलेली आढळली. मेंदूत तयार होणारी एंडॉर्फिन्स हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके या गावी दर जूनमध्ये निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी होतो. तिथे चालणाऱ्यांच्या आणि पाहणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले. चालणारा आणि काठावर उभे असलेले त्याचे नातलग, स्नेही यांच्या ठोक्यांच्या चढउतारांत मेळ सापडला. परगावाहून आलेल्या प्रेक्षकांत तो सापडला नाही. दोघेही एकच दृश्य पाहत होते, त्याच गर्दीत उभे होते, त्यांना तोच धूर लागत होता. भावना हवेतून आपोआप पसरत असती तर परगावच्या पाहुण्यालाही ती लागली असती.

इथे आपण विषयाच्या गाभ्याशी येतो. गर्दी माणसाला बरे करते का, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. भोवतालची माणसे आपली आहेत, आणि तीही आपल्याला त्यांच्यातले मानतात, ही खात्री जिथे दोन्ही बाजूंनी असते तिथे गर्दी पोसते. ती खात्री नसेल तर तीच गर्दी दमवते, घाबरवते, आजारी पाडते. या संग्रहामागचे हेच मुख्य म्हणणे आहे.

त्याला पायाभूत काम स्टीफन रायकर यांचे. एप्रिल १९८० मध्ये ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स वस्तीत पोलिसांच्या धाडीनंतर दंगल झाली. रायकर यांनी त्यात सापडलेल्या लोकांशी बोलून १९८४ मध्ये निबंध लिहिला. ल बाँच्या हिशेबाने तो जमाव बेभान असायला हवा होता. पण त्याचा रोख पोलिसांवर होता, शेजाऱ्यांची घरे सुरक्षित राहिली, आणि वस्तीची हद्द ओलांडून जमाव बाहेर गेला नाही. लोक त्या रात्रीबद्दल बोलताना एकमेकांविषयीच्या जवळिकीबद्दल बोलत होते. जमावात माणूस हरवत नाही, ‘मी’ची जागा ‘आम्ही’ घेतो, आणि त्या ‘आम्ही’लाही स्वतःचे नीतिनियम असतात, असा निष्कर्ष निघाला. जॉन ड्र्युरी यांनी पुढे ७ जुलै २००५ च्या लंडनमधल्या स्फोटांतून वाचलेल्यांशी बोलून दाखवले की अंधाऱ्या भुयारात अडकलेल्या अनोळखी माणसांनी एकमेकांना तुडवले नाही, सावरले.

माघ मेळ्यावरचे काम याच परंपरेतले आहे. रायकर आणि निक हॉपकिन्स यांच्याबरोबर अलाहाबाद विद्यापीठाचे नारायणन श्रीनिवासन आणि अनेक तरुण भारतीय संशोधक त्यात होते. प्रश्नावली घेऊन तंबूतंबूंत बसणे, अक्षरओळख नसलेल्यांना प्रश्न वाचून दाखवणे, मेळ्याच्या आधी आणि नंतर गावोगाव जाऊन तीच माणसे शोधणे हे कष्ट त्यांनी उपसले. त्यांना काय सापडले? आपण सारे कल्पवासी एक आहोत असे ज्याला जितके जास्त वाटत होते तितका त्याचा अनुभव आनंदाचा होता, आणि त्यामागे दोन वाटा होत्या. एक, अनोळखी माणसाशीही जुळणारी जवळीक आणि अडीनडीला हा आपल्याला मदत करील हा भरवसा. दुसरी, ज्या प्रकारे जगावे असे एरवी नुसते वाटते त्या प्रकारे जगायला मिळणे. घरी संसाराच्या धबडग्यात व्रत मोडते, सून-मुलगा कुरकुरतात, दूरचित्रवाणी चालू असते. मेळ्यात भोवतालचे सगळेच पहाटे उठतात.

गोंगाटावरचा त्यांचा प्रयोग तर साधा आणि सुंदर आहे. ध्वनिमुद्रित कोलाहलाचा एकच तुकडा काहींना मेळ्यातला म्हणून ऐकवला, काहींना शहरातल्या रस्त्यावरचा म्हणून. आवाज तोच. मेळ्याचा म्हणून ऐकणाऱ्यांना तो अधिक सुसह्य वाटला. थंडीबद्दलही असेच : कल्पवासी थंडी वाजत नाही असे म्हणत नव्हते, ती सोसणे हा आपल्या व्रताचा भाग आहे आणि शेजारचाही ती सोसतो आहे असे म्हणत होते.

या निष्कर्षाचा गैरवापर आपल्याकडे सहज होईल, म्हणून इथेच थांबून सांगतो. आवाजाला अर्थ लाभला म्हणून कानाचा पडदा वाचत नाही. विसर्जन मिरवणुकीतल्या ध्वनिभिंतींपुढे नाचणाऱ्या तरुणाला तो आवाज आपला वाटतो, हे खरे. त्याच्या कानातल्या पेशींना ते कळत नाही. आणि त्या रस्त्यावर पहिल्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला तर तो आपलाही वाटत नाही. एखाद्या समूहाचे स्वास्थ्य दुसऱ्याच्या जिवावर उठणार असेल तर त्याला स्वास्थ्य म्हणायचे का, याचे उत्तर मिरवणुकीत नाचणाऱ्यांनीच द्यायला हवे.

आपलेपणा नुसत्या भावनेवर टिकत नाही, त्याला व्यवस्था लागते. त्यासाठी वारीतला एक प्रसंग जवळून पाहू. आळंदीहून निघालेला माउलींचा पालखी सोहळा अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालतो. रथापुढे २७ दिंड्या, रथामागे त्याहून कितीतरी जास्त, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेली शिस्त आजही चालते. मुक्कामाच्या तळावर संध्याकाळी पालखीभोवती दिंड्या उभ्या राहतात. टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला चोप उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ वाजवतच राहते. चोपदार तिकडे जातात, काय झाले ते विचारतात. दुसरी दिंडी मध्ये घुसली, तंबूची जागा मिळाली नाही, टँकर पोहोचला नाही, जे असेल ते सर्वांसमोर ऐकले जाते आणि निवाडा होतो. मग हरवले-सापडलेले पुकारले जाते, उद्याची निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि त्यानंतर समाजआरती होते.

तक्रार मिटल्याशिवाय आरती नाही, ही रचना मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. शेकडो मैलांवरून आलेल्या, पाय सुजलेल्या शेतकरी बाईला इथे आपले ऐकले जाईल हे ठाऊक असते. वाटेत जो तो एकमेकांच्या पाया पडतो, माउली म्हणून हाक मारतो, ते खरेच आहे. पण त्या हाकेला रोज संध्याकाळी न्यायाची जोड मिळते म्हणून ती पोकळ होत नाही. मानसशास्त्राची पुस्तके सामायिक ओळखीबद्दल बोलतात, तिची रोजची डागडुजी कशी होते याबद्दल फार कमी बोलतात. ही भर मराठी मुलखातून घालता येईल, असे मला मनापासून वाटते.

या क्षेत्रावरचे आक्षेपही वाचकाला सुरुवातीलाच माहीत असावेत. सर्वांत मोठा आक्षेप निवडीचा. यात्रेला जातात ते आधीच उत्साही, आधीच धडधाकट, घरच्यांचा आधार असलेले. मग त्यांना बरे वाटले तर श्रेय यात्रेचे की त्यांच्या नशिबाचे? यावर एक चोख तोड सापडली ती पाकिस्तानात. तिथे हजच्या व्हिसासाठी तेव्हा सोडत निघत असे. डेव्हिड क्लिंगिंगस्मिथ, असीम ख्वाजा आणि मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांनी सोडतीत नाव लागलेल्या आणि न लागलेल्या अर्जदारांची तुलना केली. जाण्याची इच्छा दोघांनाही सारखीच, फरक फक्त चिठ्ठीचा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हज करून आलेल्यांत इतर पंथांच्या, वंशांच्या आणि अन्य धर्मांच्या लोकांशी सलोख्याने राहण्यावरचा विश्वास वाढलेला दिसला, मुलींच्या शिक्षणाला आणि बायकांच्या नोकरीला अनुकूलता वाढली. आपल्या लोकांत मिसळल्याने परक्यांबद्दल द्वेष वाढतोच, ही समजूत निदान तिथे खोटी ठरली. जगभरच्या निरनिराळ्या माणसांशी प्रत्यक्ष गाठ पडणे हे त्याचे कारण असावे, असे अभ्यासकांचे मत. म्हणजे ‘आम्ही’ किती रुंद आहे, यावर बरेच अवलंबून. द्वेषाच्या सभेतही श्रोत्यांची छाती भरून येते. त्यांच्यापुरते तेही स्वास्थ्यच असेल, पण बाहेर त्याची किंमत कोण मोजतो हे आपण पाहिलेले आहे.

दुसरा आक्षेप, सामूहिक भावना नेहमी औषधासारखी काम करत नाही. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना अडीच पटींहून जास्त झाल्या. रुआंडात वंशसंहारानंतर भरलेल्या गच्चाचा या गावसभांत भाग घेतलेल्यांच्या जुन्या वेदना पुन्हा उफाळल्या, असे बर्नार रिमे यांच्या गटाला आढळले. याच रिमे आणि दारिओ पाएस यांच्या गोतावळ्यातून २००४ च्या माद्रिद स्फोटांनंतरच्या निदर्शनांवर काम झाले. रस्त्यावर उतरलेल्यांच्या भावना शमल्या नाहीत, उलट ढवळल्या गेल्या. पण भोवतालच्या समाजाबद्दल त्यांना आशा आणि एकोपा जास्त वाटत होता. दुःख वाटून घेतल्याने हलके होते असे आपण म्हणतो. या संशोधनाचे म्हणणे थोडे निराळे आहे : दुःखाचे वजन तेवढेच राहू शकते, ते उचलणारी माणसे मात्र जोडली जातात. मला हे जास्त खरे वाटते.

आणि तिसरी गोष्ट मृत्यूची. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत अरुंद वाटेवर जवळपास तीनशे माणसे गेली. २००३ च्या नाशिक सिंहस्थात ३९, २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात मौनी अमावस्येच्या पहाटे अधिकृत आकड्याप्रमाणे ३०. अशा प्रत्येक घटनेनंतर भाविकांच्या अधीरतेला दोष दिला जातो. पण शरीरांची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की माणूस आपल्या पायांनी चालत नाही, दाबाने ढकलला जातो, आणि मागच्याला पुढे काय चालले आहे ते दिसत नाही. त्या क्षणी कोणाचाही स्वभाव कामाला येत नाही. वाटेची रुंदी, येण्याजाण्याचे वेगळे रस्ते, वेळेवर मिळालेली सूचना यांनी जीव वाचतात. ज्या जमावाला पोलीस आणि प्रशासन केवळ धोका समजतात त्याला माहिती दिली जात नाही, नुसते अडवले जाते. ल बाँची भीती अशी माणसे मारते.

हे सगळे आत्ताच का मांडायचे? २०२० आणि २०२१ च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकरी घरी राहिले. त्या दोन वर्षांत आपण काय गमावले हे मोजण्याची साधने आपल्याकडे नव्हती. न गेल्याची रुखरुख ही केवळ धार्मिक हळहळ म्हणून पाहिली गेली. एखाद्या विधवा, कष्टकरी बाईच्या वर्षातले ते तीन आठवडे स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या नावाने चालण्याचे एकमेव दिवस असतात, ही आरोग्याची बाब आहे असे कोणाच्या अहवालात आले नाही. गर्दीत विषाणू पसरतो हे खरे होते आणि घरी राहणे आवश्यक होते. पण एका बाजूचा हिशेब मांडताना दुसऱ्या बाजूचा रकाना कोराच ठेवला गेला.

दुसरीकडे सामूहिक भावना हा आता मोठा उद्योग झाला आहे. संगीत मैफली, क्रिकेटचे सामने, राजकीय सभा यांच्यात पैसा ओतणाऱ्यांना उचंबळ कशी उभी करायची हे नीट माहीत आहे : दिवे, ठेका, झेंडे, एकसारखे कपडे. ती उचंबळ संपल्यावर माणसाजवळ काय उरते, याची जबाबदारी कोणी घेत नाही. शहरात एकटे राहणाऱ्या तरुणांना मी अशा ठिकाणी जाऊ नका असे म्हणणार नाही, त्यांना त्याची गरज आहे. पण दिंडीतला माणूस पुढच्या वर्षी त्याच दिंडीत परततो, मधल्या काळात गावात त्याच माणसांबरोबर सप्ताहाला बसतो. पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या समूहात आणि एका संध्याकाळच्या समूहात स्वास्थ्याच्या दृष्टीने किती अंतर आहे, हा येत्या काळातला कळीचा प्रश्न आहे असे मी मानतो.

या संग्रहात मानसशास्त्र, मानवशास्त्र, वैद्यक, लोकप्रशासन अशा निरनिराळ्या वाटांनी आलेले लेखन शेजारी शेजारी ठेवले आहे, आणि त्याच्याबरोबर ज्यांनी अशा मेळ्यांत आयुष्य घालवले त्यांचे अनुभवही. आकड्यांची भाषा बोलणाऱ्याला आणि अभंग गाणाऱ्याला एकाच पंगतीला बसवण्याचा हा प्रयत्न आहे. दोघांचे पटतेच असे नाही आणि ते पटवून देण्याचा अट्टहासही केलेला नाही. मात्र कोणत्याही लेखाकडे जाताना वाचकाने एकच प्रश्न बरोबर ठेवावा : या गर्दीत कोणाला आपले मानले गेले आणि कोण कडेला राहिले? बायकांसाठी आडोसा होता का, अपंग माणूस पुढपर्यंत पोहोचला का, पाण्याच्या टँकरपाशी कोणाचा नंबर शेवटी लागला? स्वास्थ्याचे मोजमाप इथून सुरू होते, असे आम्ही गृहीत धरले आहे. श्रद्धा खरी की खोटी याचा निवाडा करणे हे या पुस्तकाचे काम नाही. कोणा श्रद्धावंताला इथे आपली खिल्ली उडवलेली आढळणार नाही, आणि कोणा संशयवाद्याला आपली दिशाभूल केल्यासारखेही वाटणार नाही, अशी काळजी घेतली आहे.

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला पुन्हा सिंहस्थ पर्वणी आहे. घाट, रस्ते, पूल, कॅमेरे यांची तयारी होईलच. त्या नियोजनाच्या बैठकांना बसणाऱ्यांनी, बंदोबस्ताला उभ्या राहणाऱ्या हवालदारांनी, आरोग्य केंद्रांतल्या परिचारिकांनी आणि तिथे जाणार असलेल्या यात्रेकरूंनी हे पुस्तक वाचावे, आणि ज्यांच्या हातात ते पोहोचणार नाही त्यांना त्यातले वाचून दाखवावे, एवढी विनंती करून वाचकाला पुढच्या पानांच्या स्वाधीन करतो.